माईक बोलला की बोलला

आमच्या घरात अप्पा दोन होते. एक घरातले, ते बोलत नसत. दुसरे माईकवरचे, ते थांबत नसत. घरातल्या अप्पांना अजून भाकरी हवी की पुरे, हे अव्वाला, म्हणजे आईला, त्यांच्या हातावरून ओळखावं लागे. ताटावर हात आडवा आला म्हणजे पुरे, नुसता ठेवलेला असला म्हणजे वाढ. आणि हाच माणूस फुटबॉलच्या दिवसांत शाळेच्या झेंड्याच्या चबुतऱ्यावर खुर्ची टाकून बसला, पुढ्यात माईक आला, की दीड तास पाण्याचा घोटसुद्धा न घेता बोलत राही. आधी मराठीत, मग कानडीत, मग दखनीत. एकाच चेंडूची हकिकत तीनदा. तिसरी भाषा संपेपर्यंत चेंडू भलतीकडेच गेलेला असे, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. एरवी बी-बियाणांच्या दुकानात बसणारे, गिऱ्हाईकाला भावसुद्धा बोटांनी सांगणारे अप्पा एवढे शब्द कुठे साठवून ठेवत, हे मला अजून कळलेलं नाही. मी लहानपणी असं धरून चालले होते की सगळ्यांचेच वडील माईकशिवाय बोलत नाहीत.

आमच्या गावाला, निर्ण्याला, फुटबॉल कसा आला, ते खात्रीनं सांगणारं कुणी नाही. हैदराबादला पोलिसात असलेल्या कुणीतरी सुट्टीत एक चेंडू आणला, एवढंच ऐकलेलं. आमच्या शिवारात तूर आणि ज्वारी, आणि ज्वारी निघाली की रिकाम्या दिवसांत फुटबॉल. आमचं घर शाळेच्या मैदानाच्या पश्चिमेला, अगदी लागून. माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढलं की निम्मं मैदान दिसे. उरलेलं निम्मं शाळेच्या इमारतीमागे जाई. म्हणजे चिंचेकडचा गोलपोस्ट आमच्या वाट्याला आणि दुसरा देवाच्या. बायकांनी आणि मोठ्या झालेल्या पोरींनी मैदानावर जायची रीत नव्हती. मी सोळा वर्षांची, म्हणजे रीतीप्रमाणे पुरेशी मोठी. त्यामुळे अर्धी मॅच मी डोळ्यांनी बघितली आणि अर्धी अप्पांच्या तोंडून. माळवदावर मिरच्या नाहीतर शेंगा वाळत घातलेल्या असत, त्यांच्या मधून पाय सांभाळत मी कडेला जाऊन बसे. शेजारी बोलायला कुणी नाही. माझ्या बरोबरीच्या दोघींची लग्नं होऊन गेलेली. अव्वा कामातून वर आलीच तर उभ्या उभ्या बघे आणि म्हणे, "कामून पळायलेत गं एवढं, एकेकाला एकेक चेंडू द्यावा की." आणि खाली जाई.

आता आमच्या गावची एक रीत सांगते, जी मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. मैदानाच्या रेषेवर झेंडी घेऊन उभी राहणारी माणसं आमच्याकडे नव्हती. पूर्वी असत म्हणे, पण ती खेळणाऱ्या गावांचीच असायची आणि मॅचपेक्षा त्यांचीच हाणामारी जास्त रंगायची. मग जुन्या लोकांनी ठरवलं की रेफरी बाहेरगावचा आणावा, आणि त्याला जे दिसलं नाही ते त्यानं माईकवाल्याला विचारावं, कारण माईकवाला उंचावर बसतो. तेव्हापासून गर्दीत काही अडलं की रेफरी शिट्टी वाजवून चबुतऱ्याकडे बघे, आणि अप्पा सांगत. ते सांगितलेलं शेवटचं. 'माईक बोलला की बोलला' असं गावात म्हणतच. सोयरिकीच्या बोलणीत कुणी मागे फिरायला लागला, तरी त्याला हेच ऐकवत.

आता ज्याच्या शब्दावर गोल ठरतो तो माणूस निष्पक्ष आहे की नाही, यावर चर्चा होणारच. गंमत अशी की ती चर्चा रोज संध्याकाळी आमच्याच ओट्यावर, आमचाच चहा पिऊन, अप्पांच्या तोंडावर चाले. आठ-दहा जण असत. त्यात दोघं न चुकणारे. एक दत्तूमामा, पिठाच्या गिरणीवाले, त्यांच्या भुवयांवर बारा महिने पीठ. आणि दुसरे मैनोद्दीनचाचा, सायकलच्या दुकानाचे, गावच्या चेंडूत हवा भरायचा मान त्यांचा. अव्वा मोठ्या पातेल्यात चहा टाकी, सोबत परातभर सुसला. चुरमुऱ्यांचा सुसला शेंगांच्या कुटाशिवाय आणि कांद्याशिवाय होत नाही, आणि तो आमच्या अव्वासारखा हुमनाबादपर्यंत कुणाला जमत नसे, हे मी आई म्हणून सांगत नाही.

"अप्पा, राग धरू नका," दत्तूमामा तोंडात सुसला असतानाच सुरू करत, "पण आपल्या पोरानं गोल मारला की तुमी म्हणता, 'गोल झाला.' आन् दुसऱ्या गावाच्यानं मारला की, 'काय देखणा गोल!' हे कुठलं वं?"

"देखणा होता, म्हणून म्हणलं."

"मंग आपल्याचा काय काळा होता का?"

चाचा लगेच अप्पांची बाजू घेत. "दत्तूसेठ, ऐसा नक्को बोलो. अप्पासाब घरवालों की तारीफ नै करते. मां अपने बच्चे को गोरा बोलती क्या?"

"बोलती की! माझी तर बोलती!" दत्तूमामा पीठभरल्या भुवया उडवत, आणि सगळा ओटा हसे. अप्पासुद्धा बशीच्या आडून हसत. मी दाराच्या आतल्या अंगाला बसून हे ऐके. मला त्या ओट्यावर जागा नव्हती, पण ते हसणं माझ्या घरात चाललंय याचं मला फार बरं वाटे.

आता अण्णा. माझा मोठा भाऊ शिवराज, आमच्या गावच्या टीमचा पुढचा खेळाडू. आमच्या भागातल्या स्पर्धेत दोन गट होते, खालचा आणि वरचा. आम्ही कायमचे खालचे. वरच्या गटात गेलं की बीदरच्या मोठ्या मैदानावर खेळायला मिळे, गुलबर्ग्याच्या टीमा अंगावर घ्यायला मिळत. (आता कलबुर्गी म्हणायचं, पण माझी जीभ जुनीच आहे.) त्या वर्षी पहिल्यांदा आमचा नंबर लागायला आला. शेवटची मॅच औरादशी, आमच्याच मैदानावर. बरोबरी झाली तर औराद वर जाणार, जिंकलो तर आम्ही. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. गावात लोक एकमेकांना राम राम घालायच्या ऐवजी "जाऊ ना वर?" म्हणायला लागले. अण्णा जेवताना पायानं जमिनीवर चेंडू खेळवल्यासारखं करी, आणि अव्वा त्याच्या गुडघ्यावर चमचा मारी. बोलत नव्हते ते फक्त अप्पा.

मॅचच्या आदल्या दिवशी संध्याकाळी औरादची तीन माणसं आमच्या ओट्यावर आली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि त्यांतला वयस्कर होता तो म्हणाला, "अप्पा, तुमचं नाव मोठं हाय. पण पोरगा मैदानात आन् बाप माईकवर, आमच्या गावात लोक काय काय बोलायलेत. उद्याच्याला दुसरं कुणी बसलं तर?"

 उसळले ते दत्तूमामाच. रोज अप्पांना पक्षपाती म्हणणारे हेच दत्तूमामा. "आमच्या अप्पावर संशय? ह्या माणसानं आपल्या पोराला कधी 'बरा खेळला' म्हणलं न्हाई वं!"

अप्पांनी हातानं त्यांना बसवलं. औरादच्या माणसाला म्हणाले, "माईकवर मीच बसतो. पण सबूद देतो. माझ्या पोराला मी दुप्पट डोळ्यानं बघीन."

मी दाराआडून अण्णाचा चेहरा बघितला. त्याला ते आवडलं होतं. बापाचा अभिमान वाटला होता त्याला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मॅचच्या दिवशी अव्वानं हुग्गी टाकली, गव्हाची, गूळ घालून. पोरगा जिंकून आल्यावर तोंड गोड करायचं म्हणून. हुग्गीपाशी एकसारखं उभं राहून ढवळावं लागतं, नाहीतर बुडाला लागते, म्हणून ती चुलीपुढून हलली नाही. मी माळवदावर एकटी. पहिला भाग सगळा शाळेच्या पलीकडच्या पोस्टवर झाला, तो मी अप्पांच्या आवाजात ऐकला. दुसऱ्या भागात आमची माणसं चिंचेकडे चाल करून यायला लागली. ऊन उतरलं होतं. सूर्य माझ्या पाठीमागे, आणि समोर चबुतऱ्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्या अप्पांच्या थेट डोळ्यांवर. ते कपाळावर हात धरून बोलत होते. तो हात मला इतक्या लांबूनही दिसत होता.

शेवटची काही मिनिटं राहिली असतील. कोपऱ्यातून चेंडू उंच आला. सात-आठ जण एकदम उडाले. त्यात अण्णा सगळ्यांच्या वर. त्याची पाठ चबुतऱ्याकडे होती आणि छाती माझ्याकडे. चेंडू त्याच्या छातीवर आदळला, पायाशी पडला, आणि त्यानं तो जाळ्यात घातला. दोन्ही हात अंगापासून लांब, झाडाच्या फांद्यांसारखे. मी ओरडले. शेंगांवर पाय पडून त्या कडाकडा फुटल्या. सगळं मैदान ओरडत होतं, आणि तेवढ्यात औरादची पोरं हात वर करून रेफरीकडे धावली. 'हात! हात!' रेफरी गर्दीच्या मागे अडकलेला. त्यानं शिट्टी वाजवली आणि चबुतऱ्याकडे बघितलं.

 भोंग्यातून नुसती खरखर येत होती. अप्पांनी कपाळावरचा हात काढला, चष्मा पुसला, परत घातला. आता पुसून काय उपयोग, व्हायचं ते होऊन गेलं होतं. मग आवाज आला.

"हात लागला. गोल न्हाई."

मग कानडीत, "कै हत्त्यद, गोल अल्ल." मग दखनीत, "हात लगा, गोल नै." सवयीप्रमाणे तीनदा. एकदाच म्हणाले असते, तर कदाचित लोकांना एवढं लागलं नसतं.

कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. माईक बोलला होता. मॅच बरोबरीत संपली आणि औराद वर गेलं.

अण्णा घरी आला तेव्हा अंगावरची धूळसुद्धा झटकलेली नव्हती. अप्पा आधीच येऊन खुंटीला सदरा लावून बसले होते. अव्वानं हुग्गीच्या ताटल्या मांडल्या. आता केलेली टाकायची कशी. अण्णा उभाच राहिला.

"अप्पा, छातीला लागला चेंडू."

अप्पांनी चष्मा काढून हातात घेतला.

"तुमाला दिसला का हात? खरं सांगा. तुमच्या डोळ्यावर ऊन होतं."

"मला जे वाटलं ते म्हणलं."

"वाटलं!" अण्णाचा आवाज चिरकला. मग त्यानं माझं मनगट धरून मला पुढे ओढलं. "ही माळवदावर होती. हिच्यापुढंच झालं समदं. इचारा हिला."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही तरी विचारायला म्हणून बघितलं. "बघितलीस का गं?"

त्यांच्या हातात चष्मा होता आणि ते त्याची काडी उघडत-मिटत होते. मी त्या काडीकडे बघत राहिले. मला कळत होतं की मी 'छातीला लागला' म्हणाले, तर उद्यापासून हा माणूस चबुतऱ्यावर चढू शकणार नाही. माईकवरचे अप्पा मरतील आणि घरात नुसते न बोलणारे अप्पा उरतील. भावाचा एक गोल गेला तर गेला, असाही विचार केला मी. सोळा वर्षांची पोर, किती हिशेबी!

"मी खाली गेले होते," मी म्हणाले. "हुग्गी ढवळायला."

आणि चुलीपाशी पाठमोरी बसलेली अव्वा, जी कधी खोटं बोलत नसे, मान न वळवता म्हणाली, "मीच हाक मारली तिला. बुडाला लागायली होती."

अण्णानं माझं मनगट सोडलं. "बरं," म्हणाला. हुग्गीची ताटली पायानं नाही, हातानं, अगदी हळू बाजूला सरकवली, आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अव्वानं रोजच्यासारखा मोठ्या पातेल्यात चहा टाकला. ओट्यावर कुणी आलं नाही. दत्तूमामा गिरणी बंद करून समोरून गेले, काहीतरी शोधत असल्यासारखे खाली बघत. मैनोद्दीनचाचा आले, पण उभ्या उभ्या. "तबियत ठीक है ना अप्पासाब?" म्हणाले आणि बसा म्हणायच्या आत निघाले. भांडायला तरी यायचं होतं. पक्षपाती म्हणायला तरी. पण आता चर्चेला काही उरलंच नव्हतं. त्यांना हवा होता तसा निष्पक्ष माणूस त्यांना मिळाला होता, आणि त्याच्याबरोबर चहा प्यायची कुणाची इच्छा नव्हती. अव्वानं पातेलं बदललं नाही. दोन आठवडे आठ जणांचा चहा होत होता आणि थंड होऊन गोठ्याकडच्या उकिरड्यावर जात होता. मग एक दिवस तिनं छोटं पातेलं काढलं. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत.

पुढच्या वर्षी माईकवर हुमनाबादचा कुणी तरुण बसवला. अप्पांना कुणी बसू नका म्हणालं नाही, फक्त बोलवायला कुणी आलं नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मी खोटं बोलले होते ते वाचलं नाहीच. अण्णा तर त्याच महिन्यात हैदराबादला गेला, आत्याच्या मिस्टरांच्या हार्डवेअरच्या दुकानात. परत चेंडूला पाय लावला नाही त्यानं. सणाला येई, अप्पांच्या पाया पडे, शेतीचं विचारी. घरात दोन न बोलणारी माणसं झाली, आणि त्यांच्यामध्ये मी, जिला सगळं ठाऊक होतं. तेव्हापासून मला माळवदावर जायला नको वाटे. शेंगा वाळत घालायलासुद्धा मी अव्वाला पाठवी.

लग्न होऊन मी उदगीरला गेले, संसार केला, आणि मालक गेल्यावर परत इथेच आले. तोवर अव्वा नव्हती. अप्पांचं शेवटचं वर्ष मीच केलं. एका सकाळी आम्ही ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. ते अचानक म्हणाले, "नंदा, त्या दिवशी हात लागला होता न्हाई का गं?" कुठला दिवस हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी तर खाली गेले होते, हेही त्यांच्या लक्षात राहिलेलं दिसलं नाही. किंवा मी तेव्हाही खोटंच बोलले हे त्यांना ठाऊक असावं.

"लागला होता, अप्पा," मी म्हणाले. "मी बघितलं."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातावर चार दाणे ठेवले. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं जातं.

आता माळवद नाही, स्लॅब आहे. मैदानाला तारेचं कुंपण आहे आणि पोरं कट्ट्यावर मोबाईलमध्ये परदेशातल्या मॅचेस बघतात. तिथेही म्हणे खालचा गट आणि वरचा गट असतो, आणि खेळ संपला की कोट घातलेली माणसं बसून कुणाचं चुकलं ते सांगतात. त्यांच्याकडे दहा बाजूंचे कॅमेरे आहेत. चेंडू हळू करून, थांबवून दाखवतात. तरीही ही पोरं त्या कोटवाल्याला शिव्या देतातच, 'पैसे खाल्लेत, त्यांच्या बाजूचा हाय' म्हणून. मी ओट्यावरून ऐकते. एकदा वाटलं, उठून जावं आणि सांगावं, बाबांनो, शिव्या द्या खुशाल, पण त्याच्याबरोबर चहा प्यायचं सोडू नका. गेले नाही. म्हातारीचं कोण ऐकतंय.

अण्णा आता सत्तरीला आला. वहिनी गेल्यापासून दर रविवारी सकाळी दहाला फोन करतो. एक रविवार चुकलेला मला आठवत नाही. आठवडाभरात माझं नाव घेऊन हाक मारणारा तेवढा एकच आवाज. टीव्हीवर मॅच बघितलेली असते, तिच्यावर बोलतो, आणि शेवटी हमखास म्हणतो, "हे समदे बिकाऊ गं. निष्पक्ष माणूस एकच बघितला. आपला अप्पा. पोटच्या पोराचा गोल कापला." नातवंडांनाही त्यानं ही गोष्ट सांगितली आहे. अभिमानानं सांगतो.

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी ठरवलं की कागदावर आणायच्या आधी त्याला सांगायचं. चार रविवार गेले. पाचव्या रविवारी तो अप्पांवर आला, आणि मी म्हणाले, "अण्णा, हात लागला नव्हता. छातीला लागला. मी माळवदावरच होते."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यानं बंद केला.  मग म्हणाला, "हात लागला नव्हता, हे मला सांगायलीस व्हय? हात माझा होता, नंदा, मला ठाऊक न्हाई व्हय?"

"मग तू अप्पाला निष्पक्ष..."

"बाप गेल्यावर काय म्हणावं मग? आंधळा म्हणावं?" तो थांबला. "आता सांगतो, त्या दिवशी अप्पाच्या बोलण्यानं मला एवढं लागलं न्हाई. मी बाहेर जाऊन चिंचेखाली बसलो, आन् माझ्या मनाला म्हणलं, जाऊ दे, कुणीच बघितलं न्हाई, कुणाचा काय दोष. नंदा असती तर बोलली असती. एवढ्यावर काढले गं मी समदे दिवस."

 त्यानं विचारलं, गोळी घेतलीस का बीपीची. घेतली म्हणाले. ठेवतो म्हणाला.

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. मी केला, तर वाजून वाजून थांबला. आज पुन्हा रविवार आहे. पावणेदहा झालेत. मी चहा टाकला आहे, आणि फोन ओट्यावर, ऊन लागणार नाही असा, सावलीत ठेवला आहे.